गोड वासाचा माग

सुभद्राचा देवावर पूर्ण विश्वास होता, देवळाबाहेरच्या पेढ्यावर मात्र नव्हता. पेढा हातात आला की आधी नाकाशी जायचा आणि मग तोंडात. दूध, तेल, रवा, शेजारणीने दिलेलं वाटीभर कालवण, सगळं याच वाटेने जायचं. बाजारात ती पापलेटाचे कल्ले उघडून हुंगायला लागली की कोळीण म्हणायची, घे गं बाई, तुला काय लग्न लावायचंय त्याच्याशी? सुभद्रा तरी हुंगायचीच. ब्रॉयलर कोंबडी तर तिने उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिली नाही. औषधं घालून फुगवलेली असते ती, असं तिचं ठाम मत होतं, आणि नातीच्या पोटात तसलं काही जाता कामा नये, हा तिचा दंडक होता.

डिलाईल रोडवरच्या एका चाळीत तिसऱ्या माळ्यावर तिची खोली. नवरा गणपत गिरणीत होता, तो भिंतीवरच्या फोटोत गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा विनीत सकाळी निघायचा तो जेवायच्या वेळेला उगवायचा. सून सीमा गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत नोकरीला. त्यामुळे तिसरीतली मनवा म्हणजे दिवसभर सगळी सुभद्राची. तिची वेणी, तिचा डबा, तिची शाळा, तिचे पाढे आणि तिची भांडणं. सुभद्राला दुसरं काही उरलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर दुसरं काही नकोच होतं.

जगात एकाच माणसाकडे ती डोळे झाकून जायची. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरला उभा राहणारा निलेश. का, तर तो गाववाला. मसुऱ्याकडचा, तिच्या माहेरच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावरचा. डॉक्टरांच्या फिया आणि तपासण्या तिला लुटारूपणा वाटायचा, पण गाववाला कधी फसवेल? मनवा जरा शिंकली की ती काउंटरशी उभी.

"चेडवाक परत खोकलो लागलोहा रे. ताच औषध दी."

"देतंय काकी," तो म्हणायचा. "पाणी उकळून थंड केलेला घाल हां."

डॉक्टरची चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही आणि हिने कधी आणली नाही.

तर झालं असं, की गणपतीला शिवलेला मनवाचा परकर दिवाळीला कमरेवर बसेना. आधी सगळे हसले. खात्या-पित्या घरची पोर म्हणाले. मग शाळेत डॉक्टर तपासायला आले आणि त्यांनी सीमाला बोलावून सांगितलं, की मुलीचं वजन वयाच्या मानाने फार आहे, आत्ताच लक्ष द्या. सीमा मुळातच शिस्तीची. तिने त्याच दिवशी खारी, बटर, फरसाण सगळं घरातून हद्दपार केलं. भाकरी, भाजी, मुगाचं वरण, एखादं फळ. सुभद्रानेही मन घट्ट करून नातीच्या ताटात मोजकंच वाढलं. पोर दुसऱ्यांदा भात मागायची तेव्हा तिचा जीव तुटायचा, पण तिने हात आवरला.

आणि तरी मनवा फुगतच राहिली. होळीच्या सुमाराला पुन्हा वजन केलं तर काटा आणखी पुढे. आता दोन आणि दोन चार करायला कोणाला शाळेत जावं लागत नाही. घरात कोणीतरी चोरून खायला घालत होतं.

एका संध्याकाळी सीमाने पर्स खुंटीला अडकवली, मनवाला जवळ घेतलं आणि सासूकडे न बघता बोलली.

"आई, मी घरी येते तेव्हा हिच्या तोंडाला गोड वास येतो. स्ट्रॉबेरीचा. बऱ्याचदा येतो. मी इतके दिवस बोलले नाही."

सुभद्राने हातातली पळी खाली ठेवली. म्हणजे मी देते, असं तुला म्हणायचंय, असं तिने विचारलं.  सीमाने फक्त एवढंच सांगितलं, की हे असंच चालणार असेल तर जूनपासून मनवाला ती डोंबिवलीला आपल्या आईकडे ठेवील. तिकडच्या शाळेत चौकशीही करून झाली होती. विनीतने मान खाली घालून भात कालवला, म्हणजे त्यालाही हे आधीच माहीत होतं.

सुभद्राला त्या दिवशी घास उतरला नाही. मनवा गेली तर या खोलीत आपण आणि गणपतचा फोटो. सकाळी वेणी कोणाची घालायची? दुपारी शाळेच्या फाटकाशी कोणासाठी उभं राहायचं? तिला इतकं रडू आलं, की तिने ते कांद्यावर ढकललं, आणि त्या वेळी ती कांदा चिरतही नव्हती.

पण रडून गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. कारण एक गोष्ट तिलाही ठाऊक होती आणि तिने ती हुकमाच्या पत्त्यासारखी दाबून ठेवली होती. कधीकधी सकाळी सीमा कामावर निघून गेली की मनवाच्या तोंडाला वास यायचा. स्ट्रॉबेरीचा नव्हे, संत्र्याचा. संत्र्याच्या गोळ्या असतात ना, अगदी तसा. हिचं नाक खोटं बोलणारं नव्हतं. एक तर सून स्वतः पोरीला गोळ्या चारत होती आणि आळ सासूवर घालत होती, म्हणजे पोरीला डोंबिवलीला न्यायला निमित्त. नाहीतर तिसरंच कोणीतरी होतं.

मग सुभद्राने माग काढायला सुरुवात केली. साखरेच्या डब्याच्या झाकणावर तिने पिठाची चिमूट ठेवली, झाकण कोणी हलवलं तर कळावं म्हणून. कळलं ते एवढंच, की मुंग्या फार झाल्यात. दप्तर उलटं करून पाहिलं, उशीचा अभ्रा काढून पाहिला. मारुतीला जाते म्हणून चप्पल घालायची आणि जिन्यात थांबून पाच-दहा मिनिटांनी परत यायची. खोलीत मनवा आपली पाढे म्हणत बसलेली. सीमाची पर्स तपासायचंही तिच्या मनात आलं, पण एवढी पायरी ती उतरली नाही. निदान तेव्हा तरी नाही.

शेवटी तिने पोरीलाच मांडीवर घेतलं. कोण देतं गं तुला, मी रागवणार नाही, असं गोडीगुलाबीने विचारलं. मनवाने ओठ घट्ट मिटले.

"सांगायचं नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

"कोणी सांगितलंय?"

 मनवा दाराबाहेर बघत राहिली, आणि बाहेर गॅलरीत नेमकी कमल कुरडया उलटत उभी होती.

कमल शेजारची. एकटी. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. चकल्या, करंज्या, मोदक असल्या ऑर्डरी घेऊन पोट भरायची, त्यामुळे तिच्या दारातून दिवसभर तळणाचा वास. मनवा रांगत होती तेव्हापासून तिच्या दारात. दोन घरांमध्ये वाट्यांची ये-जा इतकी, की कुठली वाटी कोणाची हे दोघींनाही सांगता आलं नसतं. सुभद्राच्या घरचं विरजण तर कायम कमलचं. आपलं दही उन्हाळ्यात आंबट होतं, कमलचं कधी होत नाही, हे ती स्वतःच सगळ्या माळ्याला सांगायची.

तेच दही आता तिला आठवलं आणि डोकं फिरलं. मूल नाही म्हणून दुसऱ्याचं मूल लाडावून ठेवायचं, आणि वर पोरीला सांगायचं की बोलू नको. सुभद्राने मांडणीवरून कमलची वाटी उचलली. चाळीत वाटी कधी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चार दाणे साखर तरी घालतात. सुभद्राने ती धुऊन, पुसून, ठणठणीत रिकामी नेली आणि कमलच्या हातात ठेवली.

"माझ्या पोरीला तू यापुढे काही देऊ नकोस," ती म्हणाली, आणि शेजारच्या दोन दारांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "तुझ्या हौसेपायी ती माझ्यापासून तुटेल."

कमलने वाटीत पाहिलं. कुरडया तशाच उन्हात टाकून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. सुभद्राला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. तरी तिने स्वतःला समजावलं, की खरं कडू असतं. त्या दिवसापासून घरी पिशवीतलं दही यायला लागलं, आणि मनवाला कमलच्या दारापुढून जाताना हात धरून न्यायला सुरुवात झाली.

महिना गेला. मधे मनवाला सर्दी झाली, बरी झाली, पुन्हा झाली. वजन मात्र कमी व्हायचं नाव घेईना. आता कमलवर खापर फोडायलाही जागा राहिली नव्हती. सीमाने दादरच्या एका मुलांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि सासूला म्हणाली, तुम्हीही चला, दिवसभर ती काय खाते हे तुम्हालाच माहीत. सुभद्राला ते कोर्टाचं समन्स वाटलं. तिने चांगलं लुगडं नेसलं, अंबाडा घट्ट बांधला आणि निघाली. वाटेत टॅक्सीत दोघींच्या मधे मनवा बसली होती.

डॉक्टर आकांक्षा वयाने सीमाहून लहान होती. तिने मनवाला तपासलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, थायरॉइड वगैरे काही नाही म्हणाली. मग खाण्याचं विचारलं. सुभद्राने ताटातला एकेक जिन्नस सांगितला, शपथेवर सांगावा तसा. डॉक्टर ऐकत होती आणि विशेष म्हणजे तिचा विश्वास बसत होता. हे खाणं काही जास्त नाही, ती म्हणाली. सुभद्राने सुनेकडे असं काही बघितलं, की सीमाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग डॉक्टरने विचारलं, लहानपणापासून हिला अँटिबायोटिक किती वेळा दिलं असेल?

क्वचितच, असं सीमा चटकन म्हणाली. नाहीच म्हणा, असं सुभद्रा त्याहून चटकन म्हणाली. टायफॉइड-बियफॉइड काही झालं नाही कधी, एवढी सर्दी-खोकला तो काय.

खुर्चीत पाय हलवत बसलेल्या मनवाला हा प्रश्न आपल्याला येणारा वाटला असावा. वर्गात हात वर करावा तसा तिने हात वर केला.

"औषध ना? मम्मीचं की आजीचं?"

मनवाने दोन बोटं पुढे केली.

"मम्मीचं संत्र्याचं असतं, ते सकाळी. आजीचं गुलाबी, स्ट्रॉबेरीचं, ते शाळेतून आल्यावर. मम्मी म्हणते आजीला सांगायचं नाही, आजी म्हणते मम्मीला सांगायचं नाही." मग तिच्या लक्षात आलं की आपण सांगितलं, आणि तिने तोंडावर हात ठेवला. "मी कोणालाच सांगितलं नव्हतं."

 माठामागे फडक्यात गुंडाळून ठेवलेली निलेशकडची बाटली सुभद्राच्या डोळ्यांपुढे आली. उकळून थंड केलेलं पाणी आपण किती निगुतीने घालायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. जगातली प्रत्येक वस्तू हुंगणाऱ्या बाईने तेवढी बाटली कधी नाकाशी धरली नव्हती. औषध ते औषध, ते काय खाणं असतं? आणि शिवाय गाववाल्याने दिलेलं.

 सीमाने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. सुभद्राला आता ती तपासायची गरज उरली नाही.

डॉक्टरने दोघींनाही फैलावर घेतलं नाही. किती वेळा, एवढंच विचारलं. शिंक आली की, असं एकीने सांगितलं. अंग कोमट लागलं की, असं दुसरीने. म्हणजे एकाच सर्दीला पोरीला अँटिबायोटिकच्या दोन बाटल्या, आणि पोर हसू-खेळू लागली की दोन्ही अर्ध्यावर बंद.

"साध्या सर्दीवर हे औषध कामच करत नाही," डॉक्टर म्हणाली. "आजी, तुमच्याकडे दही लावतात ना? विरजण मेलं तर दूध तेच असलं तरी दही धरत नाही. पोटातही असं विरजण असतं. चांगले जंतू. खाल्लेलं कसं पचवायचं, किती अंगी लावायचं, यात त्यांचा हात असतो. हे औषध वाईट जंतूंबरोबर त्यांनाही मारतं. लहान वयात पुन्हा पुन्हा मारलं तर सगळा तोल बिघडू शकतो, आणि मग तेवढ्याच खाण्यातून शरीर जास्त साठवायला लागत असावं. कोंबड्यांच्या खाद्यात हीच औषधं वर्षानुवर्षं मिसळत आलेत, त्या लवकर भराव्यात म्हणून."

सुभद्राने डोळे मिटले. ब्रॉयलर कोंबडी तिने उंबऱ्यात येऊ दिली नव्हती.

"म्हणजे आम्हीच हिला फुगवली," ती म्हणाली.

"तसं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाली. "वजनाला दहा कारणं असतात. हिचं खेळणं बंद आहे, अंगकाठी घरातली आहे. या औषधावर माझा संशय आहे, पुरावा नाही. म्हणून मी कोणाला दोषी धरत नाही. उद्या न्यूमोनिया झाला तर हेच औषध मी स्वतः देईन आणि शेवटच्या चमच्यापर्यंत घ्यायला लावीन. पण विचारल्याशिवाय एक थेंब नाही."

संशय आहे, पुरावा नाही, म्हणून दोषी धरत नाही. सुभद्राने आयुष्यभर संशय घेतला होता, पण संशय असाही घेता येतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे गॅलरीतल्या कुरडया आणि रिकामी वाटी आली. चोर सोडून तिने संन्याशाला फाशी दिली होती, आणि तेही भर माळ्यावर.

दवाखान्याबाहेर फुलवाल्यांच्या गर्दीत मनवा पुढे चालत होती आणि या दोघी मागे. सीमाच आधी बोलली. मागे एकदा डॉक्टरने दिलेल्या चिठ्ठीचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता, तो दाखवून ती बाटली आणायची. ताप आला की शाळा घरी पाठवते, रजा मागितली की साहेब तोंड वाकडं करतो, म्हणून दोन चमचे पाजून निघायचं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिला पोरीपेक्षा ऑफिस मोठं."

म्हणालेच असते, सुभद्राने कबूल केलं, आणि माठामागच्या बाटलीचंही सांगून टाकलं. तिने निलेशचं आधी सांगितलं असतं तर सीमा म्हणाली असती, की डॉक्टरला न विचारता अडाणीपणा करता. सीमाही नाही म्हणाली नाही. एकमेकींच्या धाकाने दोघींनी लपवलं आणि दोन्ही घोट पोरीच्या घशाखाली गेले.

मग सुभद्राने तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी ती गेले कित्येक दिवस नीट झोपली नव्हती. जून आता जवळ आला, तर डोंबिवलीचं काय?

सीमा चालता चालता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम.

"मला हे औषध पाजायला माझ्या आईनेच शिकवलं," ती म्हणाली. "तिकडे पाठवलं तर तिसरी बाटली निघेल. राहू दे तुमच्याकडेच. फक्त माठामागचं बाहेर काढा, मीही पर्समधलं काढते."

घरी आल्यावर दोन्ही बाटल्या ओट्यावर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सुभद्राने दोन्हींची झाकणं उघडून हुंगलं. एक संत्रं, एक स्ट्रॉबेरी. नाक खरंच खोटं बोलणारं नव्हतं, फक्त त्याने जायचं तिथे जायचं सोडून सगळीकडे जाऊन पाहिलं होतं. निलेशकडे ती दुसऱ्या दिवशी जाणार होतीच, आणि गाववाल्याला चार गोष्टी गावच्याच भाषेत ऐकवणार होती.

पण त्याआधी दुसरं एक दार होतं. तिने दूध तापवलं, कोमट केलं, आणि एक वाटी उचलली. रिकामी न्यायची तिला लाज वाटली, म्हणून तळाला चार दाणे साखर घातली. गॅलरीतली ती दहा-बारा पावलं तिला जड गेली. कमलने दार अर्धवट उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मनवाला तू काही देत नव्हतीस," सुभद्रा म्हणाली. "आम्हीच देत होतो. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, आणि चारचौघांत घेतला. चुकलं माझं." गॅलरीत दोन बाया कपडे वाळत घालत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजातच ती बोलली. मग तिने वाटी पुढे केली. "विरजण देतेस?"

कमलने वाटीतल्या साखरेकडे पाहिलं.

"डॉक्टर म्हणाली, दह्याने गेलेलं सगळं परत येत नाही," सुभद्रा पुढे म्हणाली. तिला गप्प राहणं जमत नव्हतं. "पण घरचं दही असू दे म्हणाली ताटात. आणि पोरीला मोकळी खेळू दे म्हणाली. तुझ्या दारात आली तर हाकलू नकोस."

"चमचा तुझा आण," कमल म्हणाली. "माझ्या चमच्याने घातलं तर उद्या म्हणशील, काहीतरी मिसळलं."

सुभद्राला हे लागलं, आणि लागायलाच हवं होतं, हेही तिला कळलं. ती दारातच उभी राहिली. चमचा आणायला गेली नाही.

"तुझ्याच हाताने घाल," ती म्हणाली.

कमल आत गेली. भांड्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा साखरेवर दह्याचा एक घट्ट गोळा होता, आणि वाटीवर ताटली झाकलेली. दार तिने पूर्ण उघडलं नव्हतं, पण लावूनही घेतलं नाही.

सुभद्रा ती वाटी दोन्ही हातांत धरून आपल्या खोलीकडे चालू लागली. जन्माची सवय होती, हात आपोआप नाकाकडे निघाला. तिने तो खाली घेतला, आणि घरी येऊन दही न हुंगता दुधात सोडलं.